मात्यो एप्रन आणि हंगामी मजुराची पेटी : एका प्रदर्शनाच्या नोंदी

१४ जानेवारी

हंगेरीच्या विशाल मैदानी प्रदेशाच्या कडेला असलेल्या या लहानशा गावच्या संग्रहालयात शेतकऱ्यांचं जगणं आणि त्यांच्या हस्तकला या विषयावर नवं प्रदर्शन उभं राहतंय. कापडाच्या आणि कातड्याच्या वस्तू माझ्याकडे आहेत. तपासणी, सफाई, मांडणीचे आधार आणि प्रकाशाचं गणित हे माझं काम. आज पहिली मोठी बैठक झाली. दालनं तीनच: घर, कारागीर, आणि सणासुदीचा पोशाख.

बैठकीत ‘शतकानुशतकं न बदललेलं खेडं’ हा सूर दोनदा निघाला आणि दोन्ही वेळा मी हात वर केला. आपल्या कपाटांतल्या बहुतेक देखण्या वस्तू १९ व्या शतकाच्या उत्तरार्धातल्या किंवा त्यानंतरच्या आहेत. १८४८ मध्ये वेठबिगारी संपली, गव्हाला भाव आला, रेल्वे आली, कारखान्यातलं रंगीत सूत गावच्या दुकानात मिळू लागलं. त्यातून हे रंग फुलले. कारागिरांच्या श्रेणी, म्हणजे गिल्ड, कायद्याने बंद झाल्या १८७२ मध्ये. आणि त्याच वर्षी बुडापेस्टमध्ये राष्ट्रीय संग्रहालयाचा लोकजीवन विभाग सुरू झाला, यानोश क्सांतुश त्याचे पहिले प्रमुख. म्हणजे या वस्तू जमवायला सुरुवात झाली तीच मुळी त्यांच्यामागची जुनी घडी मोडत असताना. माझी मागणी एवढीच: प्रत्येक वस्तूशेजारी तिचा काळ आणि ती करणाऱ्याचा व्यवसाय लिहिलेला हवा. अभिरक्षक बाईंनी ती टिपून घेतली, पण होकार दिला नाही.

२२ जानेवारी

सगळी लोकर आणि मेंढीचं कातडं उणे ३० अंशांच्या शीतपेटीत गेलं. कसर लागलेली दिसली नाही, तरी गोठवल्याशिवाय एकही वस्तू दालनात जाणार नाही. पिशव्यांतली हवा काढून तोंडं पक्की बंद केली. बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला पूर्ण येईपर्यंत पिशवी उघडायची नाही, हे मदतनीस मुलांना दोनदा सांगितलं. थंड लोकरीवर दव धरतं आणि मग सगळं मुसळ केरात.

३ फेब्रुवारी

दिवसभर स्यूर. हा धनगरांचा आणि शेतकऱ्यांचा जाड लोकरी झगा. लोकर रात्स्का मेंढीची, म्हणजे पिळाची उभी शिंगं असलेल्या देशी जातीची. कापड विणून, कुटून, पाण्याने घट्ट केलेलं असतं, त्यामुळे पाऊस सहज आत शिरत नाही. कापणी बघण्यासारखी आहे. गोलाई कुठेच नाही, सगळे सरळ चौकोनी तुकडे, कापडाच्या पन्ह्याला धरून. कात्रणात काही वाया जाऊ नये हा हिशेब प्रत्येक शिवणीत दिसतो. पाठीवर मोठी चौकोनी कॉलर लोंबते. बाह्या आहेत, पण हात घालायला नाहीत. झगा नुसता खांद्यावर टाकायचा आणि छातीवरच्या पट्ट्याने धरायचा. पुष्कळ स्यूरांच्या बाह्यांची टोकं शिवून बंद केलेली असतात. तोच खिसा. आमच्याही स्यूरची उजवी बाही बंद आहे, आणि कमी ओढीच्या व्हॅक्यूमने जाळीवरून साफ करताना तिच्या तळाशी तंबाखूचा चुरा निघाला. तो टाकला नाही, कुपीत भरून नोंद केली.

नक्षीचे स्यूर हे पुरुषांचं काम होतं, स्यूर शिवणाऱ्या शिंप्यांचं. श्रेणीतले उस्ताद आणि त्यांचे शिकाऊ गडी बसून ही फुलं भरायचे. लोककलेतलं भरतकाम म्हणजे बायकांचा फावला वेळ असं जे सर्रास समजलं जातं, त्याला इथेच छेद जातो. मेंढीच्या कातड्याचा मोठा झगा, शुबा, तोही पुरुष कारागिरांचा. थंडीत लोकर आत आणि पावसात बाहेर करून तो वापरायचे. १९ व्या शतकाच्या सुरुवातीला काही जिल्ह्यांनी नक्षीदार स्यूरवर बंदी घातली होती. शेतकऱ्याच्या पोराने एवढं मिरवणं वरच्यांना खपत नव्हतं, आणि हा खर्च भागवायला पोरं चोरी करतील असंही कारण पुढे केलं जायचं. पुढे १८४८–४९ चा हॅब्सबर्ग राजवटीविरुद्धचा स्वातंत्र्यलढा चिरडला गेल्यावर तोच झगा जमीनदारांनी स्वतःच्या खांद्यावर घेतला, राष्ट्रीय पोशाख म्हणून. आमच्या स्यूरवर तर पुढचा टप्पाही दिसतो. काठाची काळी नक्षी हाताने भरलेली नाही, कापडाची कातरफुलं शिलाई मशीनने जोडली आहेत. पूर्व हंगेरीतल्या बिहार नावाच्या भागातले शिंपी असं काम करत. मशीनची टीप दिसते म्हणून ती बाजू भिंतीकडे करायची सूचना आली होती. मी ती मान्य केली नाही. तीच बाजू समोर राहील.

स्थळ बघायला गेलेला मुलगा आपला स्यूर मुलीच्या घरी ‘विसरून’ यायचा. सकाळी तो पडवीत बाहेर टांगलेला दिसला की नकार समजायचा. कुणाला तोंडाने काही बोलावं लागत नसे. ही गोष्ट फलकावर नक्की जाईल, शाळेची मुलं इथेच थांबतील.

६ फेब्रुवारी

स्यूरसाठी आधार तयार. एवढं वजन खांद्यांच्या शिवणींवर सोडलं तर वर्षभरात त्या उसवतील. पॉलिथिलीन फोमचं धड कापलं, वर पॉलिस्टरची गादी, त्यावर धुऊन खळ काढलेला मांजरपाट. कॉलरला पाठीमागून वेगळी फळी दिली.

१७ फेब्रुवारी

घराचं दालन. मैदानी भागातलं शेतकऱ्याचं घर लांबट आणि अरुंद असतं. रस्त्याकडे पुढची खोली, मध्ये स्वयंपाकघर, मागे दुसरी खोली आणि कोठार, आणि अंगणाच्या बाजूने लांबच लांब पडवी. पुढच्या खोलीला ‘स्वच्छ खोली’ म्हणतात. तिथे रंगवलेली पेटी, भिंतीवर ताटल्या, आणि छतापर्यंत उशा-गाद्या रचलेला पलंग. या पलंगावर सहसा कुणी झोपत नसे. तो हुंड्याचा साठा होता आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला खिडकीतून दिसावा म्हणूनच तिथे होता. माणसं मागच्या खोलीत दाटीवाटीने राहायची, तरणी पोरं तर बऱ्याचदा गोठ्यात झोपायची. आमच्याकडे उशा पुरेशा आहेत. मी पलंग रचून दिला आणि शेजारी मागच्या खोलीचीही मांडणी मागितली. नुसती पुढची खोली दाखवली तर आपणही रस्त्यावरून डोकावून गेल्यासारखंच होईल.

भट्टी आज लिंपून झाली. गवताच्या गंजीच्या आकाराची मोठी मातीची भट्टी, बोग्याकेमेन्त्से. आत काटक्यांचा सांगाडा, वर भुसा कालवलेली माती. तिची खुबी अशी की पोट खोलीत आणि तोंड स्वयंपाकघरात. जाळ तिकडे घालायचा, ऊब इकडे. खोलीत धूर येत नाही. मैदानात लाकूड दुर्मीळ, म्हणून गवत, बोरू, मक्याची ताटं आणि वाळवलेलं शेणही जाळायचे. इंधनाच्या टोपलीत काय ठेवायचं यावर चर्चा सुरू होती तेव्हा मी म्हटलं, शेण ठेवा, गोवऱ्यांना नाक मुरडणाऱ्यांना माझ्या आजीचं घर दाखवते. गोवऱ्या ठेवल्या आहेत. भट्टीभोवतीच्या कट्ट्यावर म्हातारी माणसं आणि पोरं बसत, तिथे बाकं मिळाली तर पाहुण्यांनाही बसू द्यावं असं सुचवलंय.

२७ फेब्रुवारी

निळ्या रंगाऱ्यांच्या एका चालू कार्यशाळेत गेलो, चित्रीकरणासाठी. ही कला, निळीत रंगवून पांढरी नक्षी राखायची, ऑस्ट्रिया, चेक प्रजासत्ताक, जर्मनी, स्लोव्हाकिया आणि हंगेरी या पाच देशांच्या नावे २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. पापा गावात क्लूगे घराण्याची जुनी रंगशाळा आता संग्रहालय आहे. तिथली यंत्रं मी पूर्वीच पाहिली होती, पण पिंपात कापड उतरताना पहिल्यांदाच पाहिलं.

ठसा नाशपतीच्या लाकडाचा, त्यात पितळेच्या बारीक खिळ्या आणि पट्ट्या ठोकलेल्या. ठशाने कापडावर रंग छापायचा नसतो, रंग अडवणारा लेप छापायचा असतो. पांढरी माती, डिंक, मोरचूद. लेप वाळला की कापड लोखंडी चक्राच्या आकड्यांना ताणून लावतात आणि निळीच्या पिंपात सोडतात. पिंपात नीळ, चुना आणि हिराकस. वर काढलं तेव्हा कापड पिवळट हिरवं होतं आणि हवा लागताच माझ्या डोळ्यांसमोर कडेकडून निळं होत गेलं. पुन्हा बुडवायचं, पुन्हा हवा द्यायची, हवी ती गडद छटा येईपर्यंत. शेवटी सौम्य गंधकाम्लात धुतलं की लेप सुटतो आणि खालचं पांढरं कापड उघडं पडतं. नंतर दगडांनी भरलेल्या भल्यामोठ्या पेटीखाली रुळांवर दाबून चकाकी. ती पेटी ओढायला पूर्वी घोडा असे.

फलकाचा मजकूर मी लिहून दिला. युरोपात आधी वोड नावाच्या झाडापासून निळा रंग काढायचे. जहाजांनी भारतातली नीळ आली, तिने वोडला मागे टाकलं. छापील सुती कापडही तिकडूनच आलं, त्याच्या ओढीनेच युरोपातले रंगारी ठशांकडे वळले. १८९७ पासून कारखान्यात बनलेली नीळ बाजारात आली आणि आजच्या पिंपात तीच असते. म्हणजे हंगेरियन आजीचा निळा परकर हा इतक्या लांबच्या शेतांशी आणि बंदरांशी बांधलेला आहे. ‘स्थानिक परंपरा’ या दोन शब्दांत ते मावत नाही, आणि आमच्या प्रदर्शनात एक नकाशा त्यासाठी हवाच. नकाशा मंजूर झाला.

१० मार्च

मात्यो एप्रन टेबलावर. मात्यो म्हणजे भरतकामासाठी नावाजलेला इथला एक लोकसमूह. मेझ्योक्योवेश्द, सेंतिश्तवान आणि तार्द ही त्यांची तीन गावं. त्यांचं भरतकाम २०१२ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं, आणि त्याआधीच ते पोस्टकार्डांवर, चॉकलेटच्या डब्यांवर पोचलं होतं. हा एप्रन पुरुषाचा आहे, तरण्या मुलाचा. काळं कापड, खाली गुलाबांची दाट रांग, लाल, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा. पांढऱ्या ओल्या टीपकागदाने प्रत्येक रंगाचं टोक तपासलं. लाल सुटतो. कारखान्यातले रासायनिक रंग, तेव्हा ओली सफाई नाही, फक्त कोरडी.

भिंगाखाली एका पाकळीतले रेशमी टाके तुटून गेलेत. तिथे खालची रेघ दिसली, आखणाऱ्या बाईच्या हाताची. मेझ्योक्योवेश्दमध्ये नक्षी आखून देणाऱ्या बायका वेगळ्या असत आणि त्याचे पैसे घेत. त्यांतल्या बोरी किश्यांको (१८७६–१९५४) यांचं नाव सगळ्यांना माहीत, त्यांचं घर आज संग्रहालय आहे. आमच्या एप्रनवरची आखणी कुणाची ते कळण्यासारखं नाही. पण रेघ एका बाजूला वळते आणि टाके दुसऱ्या बाजूला. भरणारीने पाकळी आपल्या मर्जीने रुंद केली, शेजारच्या कळीला टेकवली आणि मधली काळी फट झाकून टाकली. असं तीन ठिकाणी आहे. दोन बायका, दोन हात. उलट बाजूला रंग अजून इतका ताजा आहे की पुढची बाजू किती उडाली ते त्यावरून कळतं.

तुटलेल्या जागी नवं भरणार नाही. खाली रंगवलेलं क्रेपलिन (पारदर्शक, तलम रेशमी कापड) लावून सुटे धागे वक्र सुईने बसवले. रेघ उघडी ठेवली, आणि शेजारी तिचा मोठा केलेला फोटो लागेल.

१८ मार्च

आज पेटी आली. गावातल्या एका कुटुंबाने दिली. साधं लाकूड, रंग नाही, दोन्ही बाजूंना दोरीच्या मुठी, झाकणाच्या आत कोळशाने केलेल्या बेरजा. ही शुम्माशची पेटी.

शुम्माश म्हणजे हंगामी शेतमजूर. मात्यो गावांत माणसं फार, जमीन थोडी. १९ व्या शतकाच्या उत्तरार्धापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत या गावांतले हजारो स्त्री-पुरुष दरवर्षी वसंतात टोळीने निघायचे आणि दूरच्या मोठ्या जमीनदारी शेतांवर सहा महिने राबून शरदात परतायचे. करार हिवाळ्यातच व्हायचा. टोळीला मुकादम असायचा. मजुरी थोडी रोख, बाकी गहू. शिवाय ठरलेलं पीठ, खारवलेली डुकराची चरबी, कडधान्य, मीठ. झोपायला मेंढ्यांचे वाडे, कोठारं, गवतावर. टोळीत पोरंही असत, अर्ध्या हाताची म्हणून कमी मजुरीची. मराठवाड्यातून दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघणाऱ्या ऊसतोड टोळ्या, त्यांचे कोयते आणि उचल ज्यांनी पाहिली आहे, त्यांना इथलं काहीच समजावून सांगावं लागणार नाही.

आणि हीच ती माणसं, ज्यांच्या अंगावर तो एप्रन होता. मात्योंची एक म्हण सगळीकडे छापलेली सापडते: पोट गुरगुरू दे, पण अंगावर झगमगू दे. बहुतेक ठिकाणी ती त्यांच्या उधळेपणाचा पुरावा म्हणून येते. १९२० च्या दशकात चर्चच्या पुढाकाराने सोनेरी लेस आणि टिकल्या गावात जाळल्याही गेल्या, कारण सहा महिन्यांची मजुरी त्यात जात होती. पण दुसरी बाजू कुणी फारशी सांगत नाही. हिवाळ्यात याच बायका व्यापाऱ्यांसाठी नगावर भरतकाम करायच्या. शहरात मात्यो गुलाबाला मागणी होती, म्हणून घरोघर दिव्याजवळ सुया चालायच्या. उन्हाळ्याची मजुरी पुरली नाही तर हिवाळ्याच्या टाक्यांवर घर चालायचं. भरतकाम हा त्यांचा उधळेपणाही असेल, पण तो त्यांचा रोजगार होता, हे मला दालनात डोळ्यांना दिसेल असं मांडायचंय.

२६ मार्च

आराखड्यात एप्रन तिसऱ्या दालनात, मधोमध, एकट्या काचपेटीत होता. शुम्माशची पेटी पहिल्या दालनात, ‘श्रम’ या कोपऱ्यात, नांगराशेजारी. मी लेखी सूचना दिली की दोन्ही एकाच काचपेटीत यावीत, पेटी उघडी, तिच्या झाकणाच्या बेरजा दिसतील अशी, आणि वर एप्रन.

वाद झाला. मांडणी करणाऱ्याचं म्हणणं, साध्या लाकडाने रेशमाची शोभा जाते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार होता: पाहुणे मात्यो फुलं बघायला येतात, त्यांच्यापुढे दारिद्र्य मांडलं तर गावकऱ्यांना अपमान वाटेल. यावर संग्रहालयात भरतकाम शिकवायला येणाऱ्या आजींना विचारलं. त्या स्वतः मेझ्योक्योवेश्दच्या. म्हणाल्या, “माझी आई बारा वर्षांची असताना टोळीत गेली. तिने काय केलं ते लपवायचं आणि तिचे टाके दाखवायचे? लाज कशाची?” अभिरक्षक बाईंनी तिथेच आराखड्यावर एप्रनची जागा खोडली आणि दोन्ही वस्तू एकत्र लिहिल्या.

जानेवारीतली मागणीही मंजूर झाली. काळ आणि करणाऱ्याचा व्यवसाय सगळ्या फलकांवर येईल.

४ एप्रिल

बुडापेस्टला जाऊन आले. लोकजीवन संग्रहालय २०२२ पासून शहर-उद्यानातल्या नव्या इमारतीत आहे. याच उद्यानात १८९६ च्या सहस्राब्दी प्रदर्शनात लोकजीवनाचे अभ्यासक यानोश यांको यांनी २४ घरांचं आख्खं खेडं उभारलं होतं, अर्धी घरं हंगेरियन आणि अर्धी देशातल्या इतर जमातींची. मेझ्योक्योवेश्दचं घरही त्यात होतं. शहरी माणसांना मात्यो पोशाखाचं वेड लागण्यात त्या गर्दीचा वाटा मोठा. म्हणजे प्रदर्शनंही या वस्तूंचं नशीब बदलतात. आपणही तेच करतोय, याचं भान लिहिताना ठेवायला हवं.

दालनात ऐकवायच्या जुन्या लोकगीतांच्या ध्वनिमुद्रणांची परवानगी मार्गी लागतेय. लोकगीतं जमवणारे बेला विकार यांनी १८९० च्या दशकात फोनोग्राफ घेऊन गावं पालथी घातली, १९०६ पासून बार्तोक आणि कोदाय हे संगीतकार निघाले. मेणाच्या नळ्यांवरचा आवाज खरखरीत आहे. स्वच्छ करून देऊ का असं विचारलं गेलं. नको म्हटलं, गाणाऱ्याचा श्वास त्यात ऐकू येतो.

११ एप्रिल

दिवे लावले. कापडावर ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) वर नाही. डोळे सरावायला म्हणून प्रवेशाचा बोळ मुद्दाम अंधुक केलाय. नादुदवार गावची काळी मडकी (कोंडलेल्या धुरात भाजून काळी केलेली, गारगोटीने घासून नक्षी उठवलेली) मात्र उजेडात, त्यांना प्रकाशाचं भय नाही. मिश्का सुरईही तिथेच: मिशाळ हुसार, म्हणजे घोडदळातला सैनिक, पोटावर साप.

२५ एप्रिल

उद्घाटन. शुम्माशांच्या टोळ्या याच सुमारास निघायच्या, म्हणून हा महिना. भाषणं लांबली. एप्रनच्या काचपेटीसमोर लोक खरोखर थांबले. आधी फुलं बघत होते, मग वाकून झाकणातल्या बेरजा वाचत होते. एका शेतकऱ्याने बेरीज मनातल्या मनात केली आणि शेजाऱ्याला सांगितलं की हा गव्हाचा हिशेब आहे, पोत्यांचा. आम्हाला ते रोख पैसे वाटत होते. आकडे परत तपासले, त्याचं म्हणणं पटतं. फलक बदलायला दिला.

२० मे

प्रकाशाची नोंदवही बघितली. एप्रन सहा महिन्यांहून जास्त ठेवता येणार नाही. लाल रंग आधीच दुबळा. ऑक्टोबरअखेर तो खोक्यात जाईल आणि पेटी जागेवरच राहील. तिच्यावर पुढे काय, यासाठी कलोचा या हंगेरियन गावची दोन भरतकामाची झाकणवस्त्रं सुचवली आहेत. एक जुनं, पांढऱ्यावर पांढरं, जाळीचं. दुसरं आज सगळे ओळखतात तसं रंगीबेरंगी. कलोचाचं काम आधी पांढरं होतं, मग लाल-निळं-काळं झालं, आणि बहुरंगी झालं ते २० व्या शतकात. दोन्ही शेजारी ठेवली की शाळेची पोरं विचारतील, खरं जुनं कुठलं? आधाराच्या फळ्या जुलैत कापायला घेते. मांजरपाट आणखी सात मीटर लागेल.